स्थानक-नामाधिकार (बोम्मसंद्रा, बंगळूरु)

मेट्रो स्थानकाच्या अधिकृत नावात आपले नाव ठरावीक मुदतीसाठी जोडून घेण्याचा, रक्कम मोजून मिळवलेला हक्क. दुबई मेट्रोने 2009 मध्ये सुरुवातीपासूनच तो विकायला काढला. भारतात गुरुग्रामच्या रॅपिड मेट्रोत 2013 पासून तो ठळकपणे दिसू लागला.

बंगळूरुची पिवळी मार्गिका (आर. व्ही. रोड ते बोम्मसंद्रा, 19.15 किमी, 16 स्थानके) 10 ऑगस्ट 2025 रोजी सुरू झाली. तिच्या दक्षिण टोकाच्या औद्योगिक पट्ट्यात अशी तीन स्थानके आहेत. शेवटचे डेल्टा इलेक्ट्रॉनिक्स बोम्मसंद्रा, त्याच्या अलीकडे बायोकॉन हेब्बगोडी आणि इलेक्ट्रॉनिक सिटी ओलांडल्यावर इन्फोसिस फाउंडेशन कोणप्पन अग्रहार. कोणप्पन अग्रहारसाठी इन्फोसिस फाउंडेशनने 2018 मध्ये 200 कोटी रुपयांचा करार केला, तर हेब्बगोडीसाठी बायोकॉन फाउंडेशनने 65 कोटी देऊ केले.

विपणनाच्या अभ्यासकाने या तिघांतली डेल्टा आधी पाहावी. 1971 मध्ये तैवानात स्थापन झालेली ही कंपनी वीजपुरवठ्याची उपकरणे, औद्योगिक स्वयंचलन, वाहनांचे चार्जर अशा गोष्टी बनवते. तिचा बराचसा माल दुसऱ्यांच्या यंत्रांत बसतो, त्यामुळे घरोघरी तिचे नाव माहीत असण्याचे कारण नाही. अशा कंपनीला ग्राहक शोधण्याइतकीच अभियंते आणि कारागीर मिळवण्याची गरज असते. रोज होसूर रस्त्यावरील या पट्ट्यात कामाला येणारा तरुण तिचे नाव नकाशावर वाचतो, उद्घोषणेत ऐकतो; नोकरीची जाहिरात पुढे कधी समोर आली तर ते नाव त्याला अनोळखी वाटत नाही. बायोकॉन या औषध कंपनीची गोष्ट वेगळी. मधुमेह, कर्करोग अशा आजारांवरील उपचारांची जाहिरात लोकांपुढे करायला 1954 च्या कायद्याने बंदी आहे. औषधाचा गाजावाजा करता येत नाही, तिथे संस्थेच्या नावाची ओळख फार मोलाची ठरते.

तिन्ही नावे त्या जागी शोभतात, कारण तिन्ही कंपन्यांचे काम खरोखर त्याच परिसरात चालते. नामाधिकाराचे यश मुख्यतः यावरच अवलंबून असते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. पत्ता आणि नाव जुळले की प्रवाशाला ते खटकत नाही. मुंबईच्या तिसऱ्या मार्गिकेवर ‘कोटक बीकेसी’ सहज पचते, कारण तो बँकांचाच भाग. ‘आयसीआयसीआय लोंबार्ड सिद्धिविनायक’ मात्र भाविकाच्या जिभेवर बसणे अवघड.

या साधनाला मर्यादाही आहेत. पिवळ्या मार्गिकेवरच्याच सिल्क बोर्ड स्थानकाच्या फलाटावर माणूस ‘बोम्मसंद्राची गाडी’ विचारतो, कंपनीचे नाव घेत नाही. म्हणजे नाव डोळ्यांना आणि कानांना मिळते, तोंडी रुळेलच असे नाही. शिवाय मुदत लांब आणि व्यवसाय चंचल. गुरुग्रामच्या एका स्थानकाला व्होडाफोनचे नाव होते. 2018 मध्ये ती कंपनी आयडियात विलीन झाली आणि 2020 मध्ये ‘व्ही’ हे नवे नाव आले. नाव बदलल्यास फलक, नकाशे, ध्वनिमुद्रित उद्घोषणा कोणाच्या खर्चाने बदलायच्या, हे कलम करारात आधीच असावे लागते.

छोट्या व्यावसायिकाला कोट्यवधींचा हा मार्ग परवडणारा नाही, पण नाव आणि पत्ता जुळवण्याचे त्यातले तत्त्व त्याच्या आवाक्यातले आहे. दुकानाच्या पाटीवर, बिलावर आणि मोबाइलच्या नकाशावर नावाशेजारी लोकांच्या तोंडी असलेली खूण एकसारखी लिहावी. एकीकडे ‘स्टँडसमोर’ आणि दुसरीकडे ‘बाजारपेठेत’ असे होऊ देऊ नये.

हा हक्क देणाऱ्या प्राधिकरणांनी एक पथ्य कसोशीने पाळावे: कंपनीचे नाव कितीही मोठे असो, गावाचे नाव गाळू नये आणि त्याची अक्षरे बारीक करू नयेत.