सूप : पाणी किती, अन्न किती?

यंदाच्या स्मरणिकेसाठी सूपांवर काही लिहावे, असे संपादक-मंडळाने सुचविले. चार पाककृती लिहून पाठविल्या असत्या तरी काम भागले असते. परंतु पाककृती आता घरोघर मिळतात. एखादा पदार्थ कोठून आला, तो कोणासाठी शिजला आणि त्याने कोणाचे पोट भरले, हे मात्र त्यांत क्वचितच सांगितलेले असते. म्हणून मी आधी थोडा इतिहास सांगणार आहे आणि मग घरी करण्याजोगी तीन सूपे.

प्रारंभ शब्दापासूनच करू. आपल्या घरातले सूप म्हणजे धान्य पाखडण्याचे. तो शब्द संस्कृत 'शूर्प' या शब्दावरून आला. संस्कृतात 'सूप' असा निराळा शब्द आहे आणि त्याचा अर्थ डाळीचे कालवण, म्हणजे आपले वरणच. म्हणून आचाऱ्याला 'सूपकार' म्हणत. तिसरे सूप इंग्रजांबरोबर आले. त्याच्या मुळाशी जो जुना युरोपीय शब्द आहे, त्याचा अर्थ रश्श्यात भिजविलेला पावाचा तुकडा असा आहे. संस्कृत आणि इंग्रजी शब्दांचा उच्चार जुळतो, हा निव्वळ योगायोग होय. पण एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. एका शब्दात डाळ आहे, दुसऱ्यात पाव आहे. नुसते पाणी कोठेच नाही. सूपाचा सारा इतिहास मला या एका कसोटीवर पारखावासा वाटतो : पातेल्यात पाणी किती होते आणि अन्न किती होते?

आपल्याकडील जुन्या वैद्यांनी हा हिशेब फार बारकाईने केला होता. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात दुसऱ्याच अध्यायात २८ प्रकारच्या यवागू सांगितल्या आहेत. यवागू म्हणजे धान्य पाण्यात शिजवून केलेली पेज. वमन, विरेचन झालेल्या रोग्याला एकदम जेवण न देता आधी पातळ पेया, मग दाट विलेपी, मग कडधान्याचा यूष आणि त्यानंतर मांसरस, असा क्रम त्या शास्त्रात आहे. म्हणजे पातळ अन्न हा मुक्काम नव्हे, ती पायरी होय. रोग्याला शक्ती येईल तसतसे पाणी कमी आणि अन्न अधिक होत गेले पाहिजे. बौद्धांच्या विनयपिटकातही यागूचे, म्हणजे पेजेचेच, दहा गुण सांगून भिक्षूंना ती घेण्याची मोकळीक दिलेली आहे. ती भूक भागवते, तहान शमवते आणि बळ देते, हे त्या दहांपैकीच.

आपल्या मराठी घरांत ही परंपरा कधी खंडली नाही. तिला 'सूप' हे नाव तेवढे नव्हते. कोकणातली पेज, देशावरची ज्वारीची किंवा नाचणीची आंबील, हुलग्याचे माडगे, मुगाचे कढण, कोकमाचे सार ही आपली सूपेच आहेत. पुरणाची डाळ शिजल्यावर वेळून काढलेले पाणी आपल्या आज्यांनी कधी मोरीत ओतले नाही. त्या येळवण्यात थोडी डाळ वाटून घालायची, गोडा मसाला, चिंच, गूळ घालायचा आणि कटाची आमटी करायची. सणाच्या दिवशीही काही वाया जाऊ द्यायचे नाही, हा धडा त्या आमटीत आहे.

आता आपल्या पेजेनेच केलेल्या एका लांबच्या प्रवासाची हकीकत सांगते. गार्सिया द ओर्ता नावाचा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली हिंदुस्थानात आला आणि पुढे गोव्यात राहिला. इकडच्या औषधी द्रव्यांवरील त्याचा ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. त्यात पटकीच्या रोगाचे वर्णन आहे. त्या रोगाला पोर्तुगीज जे नाव देत ते आपल्या 'मोडशी' या शब्दाचेच त्यांच्या जिभेवरचे रूप होय. इकडील लोक अशा रोग्याला मिरे आणि जिरे घातलेले तांदळाचे पाणी पाजतात आणि त्याला 'कांजे' म्हणतात, अशी नोंद ओर्ताने केली आहे. हीच कांजी पोर्तुगीज गलबतांतून परदेशी गेली. आज पोर्तुगालमध्ये आणि ब्राझीलमध्ये आजाऱ्याला आणि बाळंतिणीला कोंबडीचे आणि तांदळाचे जे सूप देतात, त्याचे नाव 'कांजा' असे आहे. आपल्याकडील गरिबाची पेज तिकडे कोंबडीबरोबर शिजली, पण नाव आपलेच राहिले.

या गोष्टीला पुढे एक फार मोठा अध्याय जोडला गेला. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धाच्या वेळी बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीने माणसे पटापट मरत होती आणि शिरेतून द्यावयाचे सलाइन संपत आले होते. डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर, मीठ आणि सोडा यांचे योग्य प्रमाणातले मिश्रण पाण्यात घालून रोग्यांना तोंडावाटे पाजले. ते पाजण्याचे काम रोग्यांच्या नातेवाईकांनाही शिकविले. मृत्यूचे प्रमाण शेकडा ३० च्या आसपास होते, ते शेकडा ४ च्याही खाली आले. पुढे साखरेच्या जागी तांदळाचे पीठ घालून हेच मिश्रण करून पाहण्यात आले, तेव्हा पटकीच्या रोग्यांचे जुलाब त्याने अधिक कमी होतात असे आढळले. ओर्ताच्या काळातील ती मिऱ्या-जिऱ्याची पेज अगदीच अंधारात चाचपडत नव्हती, असे म्हणायला हरकत नाही. मात्र घरच्या पेजेने पटकी बरी करावी असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. जुलाब होत असतील तर प्रमाणात केलेले मिश्रणच द्यावे आणि डॉक्टरांना बोलवावे.

युरोपातही सूप हे आधी आजाऱ्याचेच अन्न होते. अठराव्या शतकात पॅरिसमध्ये 'रेस्तोराँ' हा शब्द खाणावळीला नव्हे, तर अशक्त माणसाला तरतरी आणणाऱ्या मांसाच्या काढ्याला वापरीत. १७६० नंतरच्या काही वर्षांत तो काढा विकणारी दुकाने निघाली आणि हळूहळू दुकानालाच काढ्याचे नाव पडले. आज ज्या रेस्टॉरंटात आपण हौसेने जातो, त्याचे मूळ रोग्याच्या वाटीत आहे!

आजाऱ्यामागून गरिबाची पाळी आली. बव्हेरियाच्या दरबारी नोकरीस असलेल्या काउंट रम्फर्डने १७९० पासून म्यूनिकमधील भिकाऱ्यांसाठी कामाची आणि अन्नाची सोय केली. जव, वाटाणे आणि पुढे बटाटे घालून खूप वेळ शिजविलेले त्याचे सूप स्वस्त होते, आणि त्यात कडधान्य असल्यामुळे बरेच सकसही होते. पण पाणी स्वतःच पोषण करते, अशी त्याची समजूत होती. ही समजूत पुढे गरिबांना महाग पडणार होती.

१८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक रोगाने गेले आणि भयंकर दुष्काळ पडला. १८४७ साली लंडनमधील नामांकित आचारी अलेक्सिस सोयर याला सरकारने डब्लिनमध्ये नमुन्याचे सूपघर उघडण्यास धाडले. त्याची एक कृती प्रसिद्ध आहे : सुमारे ९ लिटर पाण्याला गोमांस फक्त पाव पौंड, म्हणजे सव्वाशे ग्रॅमच्याही आत; शिवाय थोडी चरबी, दोन कांदे, अर्धा पौंड पीठ, अर्धा पौंड जव, मीठ आणि चिमूटभर साखर. चव चांगली होती असे म्हणतात. परंतु एवढ्यावर माणूस जगणार कसा, असा प्रश्न 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्राने तेव्हाच विचारला. निःपक्षपातीपणे सांगायचे तर सरकारी सूपघरांनी त्या उन्हाळ्यात पुष्कळ जीव वाचविले. जुलै १८४७ मध्ये रोज ३० लाखांहून अधिक माणसे तेथे जेवत होती. पण शरद ऋतूत ती बंद करण्यात आली आणि उपासमार पुन्हा सुरू झाली. त्या दुष्काळात सुमारे १० लाख लोक दगावले. वाटी पातळ असणे वाईट. ती हातातून काढून घेणे त्याहून वाईट.

हाच सोयर १८५५ साली क्रिमियाच्या युद्धात गेला आणि इस्पितळांतील स्वयंपाकघरे त्याने सुधारली. तेथे फ्लॉरेन्स नाइटिंगेल काम करीत होत्या. पुढे १८६० च्या सुमारास आलेल्या शुश्रूषेवरील आपल्या पुस्तकात त्यांनी एका रूढ समजुतीवर बोट ठेवले. रोग्याला मांसाचा गाळलेला काढा दिला की सर्व पोषण झाले, असे लोक मानीत. बाईंनी सांगितले की तो काढा आटवून पाहा. तळाशी जेमतेम चमचाभर ऐवज उरेल. तो काढा रोग्याला हुशारी आणतो हे त्यांना मान्य होते, पण हुशारी निराळी आणि पोषण निराळे. स्वतः खाटेजवळ उभे राहून रोगी पाहणाऱ्या बाईलाच हा भेद दिसला, यात मला नवल वाटत नाही.

यानंतरचा टप्पा आपल्याच जातीच्या, म्हणजे कष्टकरी बायकांच्या, अडचणीतून निघाला. स्वित्झर्लंडमध्ये बायका गिरण्या-कारखान्यांत जाऊ लागल्या आणि त्यांना रांधायला वेळ उरेना. तेथील एका लोकहितकारी संस्थेच्या सांगण्यावरून ज्यूलियस मॅगी या गिरणीवाल्याने १८८४ साली कडधान्यांची लवकर शिजणारी पिठे काढली आणि १८८६ साली वाटाण्याची व घेवड्याची तयार सूपे. पाकिटातील सूपाचा हेतू मुळात किती चांगला होता, हे यावरून दिसते. आज मात्र पाकीट घेताना त्यावरचे बारीक अक्षर वाचावे. आरंभीच मक्याचे पीठ, साखर, मीठ अशी नावे असतील आणि भाज्यांचे प्रमाण शेकडा दोन-चार असेल, तर आपण काय विकत घेतो आहो ते ओळखावे.

एका सूपाची हकीकत मात्र आनंदाची आहे. कॅरिबियन समुद्रातील हैतीमध्ये फ्रेंचांची ऊसमळे होती आणि तेथे आफ्रिकेतून आणलेले गुलाम राबत. लाल भोपळ्याचे दाट सूप, ज्याला 'सूप जूमू' म्हणतात, ते गुलामांनी रांधायचे आणि मालकांनी खायचे, अशी तेथील रीत होती. १ जानेवारी १८०४ रोजी गुलामांनी लढून मिळविलेले स्वातंत्र्य जाहीर झाले. तेव्हापासून दर वर्षी त्या तारखेला हैतीच्या घराघरांत हे सूप शिजते आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटले जाते. २०२१ साली युनेस्कोने त्याची मानवी वारशाच्या यादीत नोंद केली. रांधणाऱ्या हातांना त्याच पातेल्यातले दाट अन्न मिळणे हेसुद्धा स्वातंत्र्यच आहे, हे त्या लोकांनी ओळखले.

आता कृती. प्रत्येकीत पोषण देणारा जिन्नस कोणता, हे ध्यानात ठेवा.

मुगाचे कढण : एक वाटी अख्खे मूग कोरडे भाजून घ्यावेत. सात-आठ वाट्या पाण्यात अगदी मऊ शिजवून घोटावेत. तुपात जिरे, हिंग, आले यांची फोडणी द्यावी. सैंधव, मिरपूड आणि थोडे आमसूल घालावे. गाळू नये. नुकत्याच उठलेल्या आजाऱ्याला पहिल्या दिवशी पातळ द्यावे आणि रोज दाट करीत जावे.

कांजा : अर्धा किलो कोंबडीचे हाडासह तुकडे, एक कांदा, लसूण आणि मीठ दहा वाट्या पाण्यात मंद आचेवर शिजवावे. मांस सुटले की हाडे काढून टाकावीत. मांसाचे धागे करून परत पातेल्यात घालावेत. त्यातच अर्धी वाटी तांदूळ मऊ शिजू द्यावे. उतरवून लिंबू आणि पुदिना घालावा. शाकाहारी घरात कोंबडीऐवजी पाऊण वाटी मुगाची डाळ घालून जिऱ्या-मिऱ्याची फोडणी द्यावी; ही आपली मूळची पेजच झाली.

भोपळ्याचे सूप : अर्धा किलो लाल भोपळा आणि मूठभर मसूर डाळ एकत्र शिजवून घोटावी. हैतीत यात मांस घालतात. त्या जागी मी डाळ घालते. मग त्यात बटाटा, गाजर, कोबी यांच्या फोडी, कांदा, लसूण, दोन लवंगा आणि एक अख्खी हिरवी मिरची घालून भाज्या शिजू द्याव्यात. मिरची फुटू देऊ नये. तिचा वास हवा, जाळ नको. शेवटी मूठभर शेवया आणि लिंबाचा रस घालावा.

भगिनींनो, एक गोष्ट राहिली, आणि ती कोणत्याही कृतीत छापलेली नसते. पातेल्यात अन्न तळाशी बसते आणि पाणी वर राहते. घरात वाढताना आपण डाव खोल घालून दाट ते इतरांच्या पानात वाढतो आणि शेवटी वर उरलेले पातळ आपल्या वाटीत घेतो. पिढ्यान् पिढ्या हे असेच चालले आहे आणि ते कौतुकाने सांगितलेही जाते. त्यात कौतुक काही नाही. उपासपोटी राबणाऱ्या बाईचा अशक्तपणा पुढे तिच्या बाळात उतरतो. तेव्हा सूप आपल्याकडचे असो, पोर्तुगालचे असो की हैतीचे, वाढण्यापूर्वी ते तळापासून ढवळावे आणि त्यातली एक दाट वाटी आधी रांधणारीसाठी काढून ठेवावी.