माघार आणि मतदार : उपनगरांच्या इतिहासातील काही प्रसंग

आपल्या संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत कार्यकारी मंडळाची निवड बिनविरोध झाल्याचे अध्यक्षमहाशय जाहीर करतात, तेव्हा सभागृहात टाळ्यांचा कडकडाट होतो. प्रस्तुत लेखकानेही अनेक वर्षे त्या टाळ्यांत आपले हात मिसळले आहेत. परंतु काही वर्षांपूर्वी एका पदासाठी भरलेला माझा अर्ज मी वडीलधाऱ्यांच्या शब्दाखातर मागे घेतला, तेव्हा सभा संपल्यावर मुलुंडचे एक वृद्ध सभासद मजजवळ आले. माझ्या अर्जावर अनुमोदक म्हणून त्यांचीच सही होती. ते म्हणाले, “गुरुजी, आपण माघार घेतलीत, ते आपल्या अधिकारातले. पण माझी सही आपण कोणाला विचारून मागे घेतलीत?” ह्या प्रश्नाचे उत्तर मला त्या वेळी देता आले नाही.

मी काही इतिहासाचा पंडित नव्हे. शालान्त परीक्षेनंतर अध्यापनाचे शिक्षण घेऊन उपनगरांतील शाळांत मुले शिकविली आणि शिक्षक ह्या नात्याने निवडणुकीच्या दिवशी मतदान केंद्रावर बसून मतदारांच्या बोटांना शाई लावली, एवढीच माझी राजकारणाशी ओळख. तथापि त्या वृद्ध गृहस्थांच्या प्रश्नाने मला जुन्या निवडणुकांचे आकडे पाहण्याची सवय लावली. एका पक्षाने दुसऱ्यासाठी जागा सोडली म्हणजे त्याच्या पाठीराख्यांची मते कोठे जातात, हे आपल्या अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ह्या परिसराच्या इतिहासावरून पाहावे, असा ह्या लेखाचा हेतू आहे.

प्रथम कायदा काय सांगतो ते पाहू. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार उमेदवाराला नेमून दिलेल्या अखेरच्या दिवशी दुपारी तीन वाजेपर्यंत लेखी सूचना देऊन आपली उमेदवारी मागे घेता येते. एकदा दिलेली ही सूचना पुन्हा रद्द करता येत नाही. तीन वाजून गेल्यावर उमेदवाराने कितीही जाहीर केले, तरी त्याचे नाव मतपत्रिकेवर राहतेच. १९५७ च्या निवडणुकीच्या वेळी मात्र मतदानाच्या दहा दिवस आधीपर्यंत लढतीतून निवृत्त होण्याची सवलत कायद्यात होती. ती १९५८ साली काढून टाकण्यात आली. पैसा अथवा अन्य लाभ देऊन एखाद्यास माघार घ्यावयास लावणे हे कायद्याने भ्रष्ट आचरण ठरते. म्हणजे कायद्याला माघार मान्य आहे, माघारीचा सौदा मान्य नाही.

एकमेकांसाठी जागा सोडण्याचे महाराष्ट्रातील सर्वांत मोठे उदाहरण १९५७ चे होय. संयुक्त महाराष्ट्र समितीत प्रजासमाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष आणि शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन असे एरवी एकमेकांवर कठोर टीका करणारे पक्ष एकत्र आले आणि त्यांनी मतदारसंघ आपसांत वाटून घेतले. मुंबईच्या मध्य भागातील द्विसदस्य मतदारसंघातून कम्युनिस्ट नेते श्रीपाद अमृत डांगे आणि फेडरेशनचे गो. का. माने हे दोघेही लोकसभेवर निवडून गेले. तेथे मतदारांना कोणी समजावून सांगण्याची आवश्यकता उरली नव्हती. मुंबईसह महाराष्ट्र हवा, ही गोष्ट पुढाऱ्यांच्या आधी लोकांनीच ठरविली होती. पक्षांनी केवळ लोकांच्या वाटेतून आपापली दगडधोंडे बाजूला काढली, इतकेच.

ह्याच्या अगदी उलट अनुभव पाचच वर्षांनी मुंबईच्या उत्तर भागाने घेतला. १९६२ साली तेथून तत्कालीन संरक्षणमंत्री व्ही. के. कृष्ण मेनन काँग्रेसतर्फे पुन्हा उभे होते. त्यांच्याविरुद्ध आचार्य जे. बी. कृपलानी अपक्ष म्हणून उतरले. कृपलानींना प्रजासमाजवादी, जनसंघ आणि स्वतंत्र ह्या तीनही पक्षांचा पाठिंबा मिळाला. दुसऱ्या बाजूस कम्युनिस्टांनी काँग्रेसचे प्रतिस्पर्धी असूनही मेनन ह्यांच्या पारड्यात आपले वजन टाकले. ती निवडणूक देशभर गाजली. कागदावरची बेरीज पाहता कृपलानींचे बळ मोठे दिसत होते. प्रत्यक्षात मेनन ह्यांना कृपलानींच्या जवळजवळ दुप्पट मते पडली आणि ते एक लाखाहून अधिक मतांनी विजयी झाले. पंडित नेहरूंचा प्रभाव आणि काँग्रेसची संघटना ही कारणे होतीच. परंतु समाजवादी, जनसंघीय आणि स्वतंत्र पक्षीय ह्यांना जोडणारा धागा एका व्यक्तीच्या विरोधापलीकडे फारसा नव्हता, हेही तितकेच खरे. विशेष हे की, त्याच वर्षाच्या अखेरीस चीनच्या आक्रमणानंतर मेनन ह्यांना मंत्रिपद सोडावे लागले.

आणीबाणीनंतरची १९७७ ची निवडणूक वाचकांपैकी वयोवृद्धांना आठवत असेल. विरोधी पक्षांनी एकमेकांसाठी जागा सोडल्या. जनता पक्षाचे उमेदवार भारतीय लोक दलाच्या नांगरधारी शेतकऱ्याच्या चिन्हावर उभे राहिले. मुंबईच्या सहाही जागा काँग्रेसच्या हातून गेल्या. उत्तर मुंबईतून गोरेगावच्या मृणाल गोरे, वायव्येतून राम जेठमलानी आणि ईशान्येतून सुब्रमण्यम स्वामी निवडून आले. उत्तर मध्य मुंबईतून मार्क्सवादी पक्षाच्या अहिल्या रांगणेकर विजयी झाल्या. त्याच निवडणुकीत शिवसेनेने काँग्रेसला पाठिंबा दिला होता. शिवसेनेचे मुंबईतील बळ कोणीही नाकारणार नाही. तरीही तो पाठिंबा काँग्रेसला एकही जागा मिळवून देऊ शकला नाही. एकाच शहरात, एकाच दिवशी, एका बाजूची तडजोड मतदारांनी शिरावर घेतली आणि दुसऱ्या बाजूची बाजूला सारली. पहिल्या तडजोडीमागे लोकांचा स्वतःचा अनुभव होता. दुसरीमागे पुढाऱ्यांचा निर्णय होता.

आता अलीकडच्या काळाकडे वळू. लहान पक्षाने माघार घेतली नाही, तर काय होते, हे २००९ साली उपनगरांनी पाहिले. उत्तर मुंबईत काँग्रेसचे संजय निरुपम ह्यांनी भारतीय जनता पक्षाचे राम नाईक ह्यांचा अवघ्या ५,७७९ मतांनी पराभव केला. तेथे महाराष्ट्र नवनिर्माण सेनेच्या उमेदवाराला १,४७,५०२ मते मिळाली होती. मुलुंड-घाटकोपरचा समावेश असलेल्या ईशान्य मुंबईत राष्ट्रवादीचे संजय दिना पाटील हे किरीट सोमय्या ह्यांच्यापुढे केवळ २,९३३ मतांनी गेले. तेथे मनसेने १,९५,१४८ मते घेतली. पुढे २०१४ साली मनसेने ह्या दोन्ही मतदारसंघांत उमेदवार दिला नाही आणि दोन्ही जागा भारतीय जनता पक्षाने जिंकल्या. गोपाळ शेट्टी ४,४६,५८२ मतांनी आणि सोमय्या ३,१७,१२२ मतांनी निवडून आले. ह्यावरून मनसेच्या माघारीनेच विजय झाला असे कोणी म्हणेल, तर आकडे त्याला साथ देत नाहीत. विजयाचे अंतर मनसेच्या २००९ च्या सर्व मतांहूनही कितीतरी मोठे होते. त्या वर्षी वाराच तसा वाहत होता. माघारीने वाट मोकळी झाली असेल. पण वाटसरू स्वतःच्या पायांनीच निघाले होते.

ह्या सर्वांहून बोलका प्रसंग आपल्या अंधेरी पूर्वेचा. तेथील शिवसेनेचे आमदार रमेश लटके ह्यांचे मे २०२२ मध्ये अकाली निधन झाले. त्यानंतर शिवसेना फुटली. ८ ऑक्टोबर २०२२ रोजी निवडणूक आयोगाने धनुष्यबाण हे चिन्ह गोठविले आणि ठाकरे गटाला मशाल हे चिन्ह मिळाले. त्या गटाने लटके ह्यांच्या पत्नी ऋतुजा लटके ह्यांना उमेदवारी दिली. त्या मुंबई महानगरपालिकेच्या सेवेत होत्या. त्यांचा राजीनामा स्वीकारण्याचा आदेश उच्च न्यायालयाने १३ ऑक्टोबरला दिला, तेव्हा कोठे त्यांचा अर्ज भरला गेला. समोर भारतीय जनता पक्षाचे मुरजी पटेल होते. १६ ऑक्टोबरला मनसेचे राज ठाकरे ह्यांनी देवेंद्र फडणवीस ह्यांना पत्र लिहून, दिवंगत आमदाराच्या पत्नीविरुद्ध उमेदवार देऊ नये, अशी विनंती केली. शरद पवार ह्यांनीही तसेच आवाहन केले. दुसऱ्याच दिवशी, अर्ज मागे घेण्याच्या अखेरच्या मुदतीत, पटेल ह्यांची उमेदवारी मागे घेण्यात आली.

दिवंगताच्या घरातील व्यक्तीस मार्ग मोकळा करून देणे ही महाराष्ट्राची परंपरा आहे, असे त्या वेळी पुष्कळ बोलले गेले. भावना सुसंस्कृत खरी. पण तिला नियम म्हणता येणार नाही. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये कोल्हापूर उत्तर मतदारसंघात दिवंगत आमदाराच्या पत्नी जयश्री जाधव ह्यांच्याविरुद्ध भारतीय जनता पक्षाने निवडणूक लढविली होती, आणि पुढल्याच वर्षी चिंचवडला दिवंगत आमदाराच्या पत्नी अश्विनी जगताप ह्यांनाही लढत देऊनच निवडून यावे लागले.

अंधेरीत ३ नोव्हेंबरला मतदान झाले. सुमारे २ लाख ७१ हजार मतदारांपैकी तिसऱ्या हिश्शाइतकेही केंद्रावर आले नाहीत. ऋतुजा लटके ६६,५३० मते मिळवून विजयी झाल्या. दुसरा क्रमांक कोणत्याही उमेदवाराचा नव्हता. ‘वरीलपैकी कोणीही नाही’ ह्या पर्यायाला १२,८०६ मते पडली. त्यासाठी पैसे वाटले गेल्याचा आरोप ठाकरे गटाने केला होता. तो क्षणभर बाजूस ठेवला, तरी आकडे आणखी एक गोष्ट सांगतात. २०१९ साली रमेश लटके ह्यांना ६२,७७३ मते होती आणि अपक्ष उभे असलेल्या पटेल ह्यांना ४५,८०८. काँग्रेसचाही त्या वेळी स्वतंत्र उमेदवार होता. २०२२ मध्ये काँग्रेस आणि राष्ट्रवादीचा पाठिंबा, पटेल ह्यांची माघार, सर्वत्र सहानुभूती, एवढे सारे असूनही लटके ह्यांच्या घरची मते चार हजारांहून कमी वाढली. पोटनिवडणुकीत मतदान कमी होते हे मान्य केले, तरी माघार घेणाऱ्याची मते त्यांच्याकडे वळली नाहीत, हे उघड आहे. ती घरी बसली किंवा ‘कोणीही नाही’कडे गेली.

पुढचा अध्याय तर अधिकच उद्बोधक आहे. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत तेच पटेल शिंदे ह्यांच्या शिवसेनेतर्फे उभे राहिले. त्यांना ९४,०१० मते मिळाली; ऋतुजा लटके ह्यांना ६८,५२४. दोन वर्षांपूर्वी ज्यांनी वाट सोडली, तेच पंचवीस हजारांवर मतांनी निवडून आले. लटके ह्यांची मते २०२२ साली होती जवळजवळ तेवढीच राहिली. प्रतिस्पर्धी समोर नव्हता तेव्हा ती फुगली नाहीत आणि प्रतिस्पर्धी आला तेव्हा ती आटलीही नाहीत.

ह्या प्रसंगांवरून मला एवढेच दिसते की, माघार घेणारा मैदान देऊ शकतो, मत देऊ शकत नाही. मत हे पक्षाच्या कोठीतील धान्य नव्हे की एका पोत्यातून काढून दुसऱ्या पोत्यात भरावे. १९५७ आणि १९७७ साली लोकांना कारण पटलेले होते, म्हणून तडजोड फळास आली. जेथे कारण पुढाऱ्यांच्या बैठकीत ठरले, तेथे लोक घरी बसले किंवा आपल्या मनाप्रमाणे वागले. म्हणून माघार वाईट, असे मी म्हणत नाही. दुःखाच्या घरी लढाई न नेण्यात माणुसकी आहे, आणि ती आपल्या समाजालाही प्रिय आहे. परंतु ज्यांच्या सह्यांवर आपण उभे राहिलो, त्यांना कारण सांगितल्यावाचून घेतलेली माघार त्यांचा आवाज त्यांच्या हातून काढून घेते.

आपल्या संस्थेत एकोपा राहावा, घराघरांत वैर येऊ नये, म्हणून बिनविरोध निवड आपण पसंत करतो; ती पुढेही व्हावी. माझी विनंती इतकीच आहे की, जो सभासद अर्ज मागे घेईल त्याने सभेपुढे उभे राहून आपले कारण स्वमुखाने सांगावे, त्याची नोंद इतिवृत्तात व्हावी, आणि अर्ज मागे घेण्यापूर्वी सूचक-अनुमोदकांना त्याने विचारावे. त्यात कोणाचा कमीपणा नाही. टाळ्या त्यानंतरही वाजतीलच, आणि त्या अधिक मनापासून वाजतील.

मुलुंडचे ते वृद्ध गृहस्थ आज हयात नाहीत. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या हयातीत देणे मला जमले नाही, ह्याची खंत आहे. मी त्यांना विचारावयास हवे होते, हे येथे छापील शब्दांत कबूल करतो. त्यांची ती सही त्यांचीच होती.