पिवळी, लाल, पांढरी

एप्रिल २०१३ मधली गोष्ट. रविवारी सकाळी पुण्याहून आईचा फोन. "अरे, बातम्यांतली माणसं नुसती तोंडं हलवतायत. आवाजच नाही!"

केबलवाल्याचा पोरगा आदल्या दिवशी सेट-टॉप बॉक्स लावून गेला होता. पुण्यासारख्या शहरांना सरकारने ३१ मार्चची मुदत दिली होती ना, त्याचा हा प्रताप. बाबांनी हौसेने घेतलेलं होम थिएटर मध्ये होतं, तिथे त्याचा गोंधळ झाला असणार.

मग फोनवरून दुरुस्ती. तीन वायरी. पिवळी चित्राची, ती टीव्हीला. लाल उजव्या बाजूच्या आवाजाची, पांढरी डाव्या, त्या दोन्ही होम थिएटरला. मूळची ही पिन अमेरिकेतल्या आरसीए कंपनीची, रेडिओला ग्रामोफोन जोडायला काढलेली. चित्र आणि आवाज एकाच वायरीतून नेणारं एचडीएमआय २००२ सालीच आलं होतं, पण आमच्या जुन्या टीव्हीला त्याची खाच नव्हती. लाल-पांढरी 'इन'ऐवजी 'आउट'मध्ये खुपसलेली निघाली. बदलल्यावर आवाज आला.

"आला रे! पण १ वर सह्याद्री नाही लागत."

इथे मात्र मी गप्प झालो.

१९९१ च्या आखाती युद्धानंतर आणि १९९२ मध्ये झी सुरू झाल्यावर केबल घराघरात शिरली. आठवतंय ना, गच्चीवरून, झाडावरून लोंबत खिडकीतून येणारी ती काळी वायर? त्यातून सगळे चॅनल एकदम यायचे. ते निवडणारा ट्यूनर टीव्हीच्या पोटात होता, त्यामुळे कुठला चॅनल कितव्या नंबरावर हे घरातला माणूस ठरवायचा. आमच्याकडे बाबा. १ वर सह्याद्री, २ वर बातम्या, नातवंडांचं कार्टून मुद्दाम पार शेवटी.

डब्याने तो ट्यूनर बाहेर काढला. टीव्ही उरला नुसता पडदा, आणि नंबर कंपनीचे झाले. सांगितलं गेलं की चित्र स्वच्छ दिसेल, चॅनल जास्त मिळतील. ते खरंही होतं. पण केबलवाल्याकडे नक्की किती घरं आहेत हे चॅनलवाल्यांना आणि सरकारला कळत नसे; तो सांगेल तेवढी. डब्यामुळे प्रत्येक घर मोजता येऊ लागलं. चेन्नईत २००३ पासून, आणि मुंबई, दिल्ली, कोलकात्याच्या काही भागांत २००७ च्या सुरुवातीपासून आधीची 'कॅस' योजना आली, तिच्यामागेही हाच हिशोब होता. त्यात चूक काही नाही. फक्त डबा मुख्यतः आपल्यासाठी आला, हा माझा समज तेवढा गेला.

बाबा २०११ मध्ये गेले. त्यांनी लावलेला तो क्रम घरात तसाच चालू होता, आणि आम्हा कोणाच्या ते ध्यानातही नव्हतं.

आईने नवे नंबर कॅलेंडरच्या मागे लिहून घेतले. टीव्हीच्या रिमोटला आता फक्त चालू-बंद करण्यापुरतं काम होतं. बाबांनी त्याला घातलेलं प्लास्टिकचं कव्हर तिने काही काढलं नाही.

असो.