मध्ययुगीन खानदेशातील ग्राममंदिर : वास्तू, अंतर्गत साहित्य व निर्वाहव्यवस्था

प्रस्तावना :
मध्ययुगीन इंग्लंडमधील खेड्यांतील चर्चचा अभ्यास करताना भिंती व छपराबरोबरच बाप्तिस्म्याचे दगडी पात्र, लाकडी बाके, वेदीचा भाग वेगळा करणारा कोरीव पडदा यांचीही नोंद घेतली जाते. खानदेशातील मंदिरांचे वर्णन मात्र बहुधा 'हेमाडपंती' या एका शब्दावर थांबते. हेमाद्री हा तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातील यादवांचा मंत्री होय. जळगाव जिल्ह्यातील वाघळीचा शिलालेख शके ९९१ (इ.स. १०६९) चा, तर पाटणे येथील निकुंभ घराण्याचा, शिवमंदिराशी संबंधित लेख शके १०७५ (इ.स. ११५३) चा आहे. त्यामुळे ही संज्ञा कालनिर्णयास उपयोगी पडत नाही. शिवाय मंदिराचे नित्य जीवनही तिच्याआड झाकले जाते.

वास्तुरचना व साहित्य :
गर्भगृह, अंतराळ व सभामंडप हा येथील मंदिरांचा सर्वसाधारण विन्यास होय. धुळे जिल्ह्यातील बळसाणे येथे बुराई नदीकाठी मंदिरसमूह असून त्यातील एका मंदिरात एकाच मंडपाला तीन गर्भगृहे जोडलेली आहेत. बांधकाम स्थानिक काळ्या पाषाणाचे आहे. चर्चमध्ये जे साहित्य लाकडाचे असते, त्यातील बरेचसे अशा मंदिरांत वास्तूचाच भाग बनते. मंडपाच्या कडेचे कक्षासन म्हणजे दगडी आसन, तर अभिषेकाचे पाणी बाहेर नेणारे प्रणाल म्हणजे दगडी पन्हळ. वस्त्रे, फुले, तेल यांसारख्या नाशवंत वस्तू मात्र उरत नाहीत. त्यांचा माग शिलालेखांतच घ्यावा लागतो.

पाटणे येथील लेखाची साक्ष :
चाळीसगावजवळील पाटणे येथील देवीच्या मंदिरातील इ.स. १२०७ चा लेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये अभ्यासकांसमोर आणला. भास्कराचार्यांचा नातू व यादव राजा सिंघण याचा ज्योतिषी चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केला आणि निकुंभ सोइदेवाने त्यास दान दिले, असे त्यात नमूद आहे. आरंभीचा भाग संस्कृतात असून करांचा तपशील जुन्या मराठीत आहे. बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावर ग्राहकाकडून राजास मिळणारा कर मठाला देण्यात आला. चालणाऱ्या प्रत्येक घाण्यामागे पळीभर तेलही नेमून दिले गेले. राजप्रशस्ती संस्कृतात आणि तेलाचा हिशेब मराठीत, कारण तो तेली व व्यापारी यांना समजणे आवश्यक होते, असे अनुमान करता येते.

निष्कर्ष :
मंदिर, मठ, बाजार व घाणा ही एकाच व्यवस्थेची अंगे होती. पाषाण ती वास्तू दाखवितो. ती कोणाच्या श्रमावर चालत होती, हे लेख सांगतो. म्हणून जीर्णोद्धारात शेंदराखाली वा तैलरंगाखाली जाणारी प्रत्येक ओळ ही गावाच्या आर्थिक इतिहासाची हानी ठरते. स्थानिक सर्वेक्षणात शिल्पांइतकीच लेखांची नोंद होणे अगत्याचे आहे.