पहारेकऱ्यावरचा पहारा

पन्नास मुलांच्या वर्गात शंभर टक्के हजेरी किती दिवस लागते, हे शिक्षकांना सांगायला नको. एकेक मूल वर्षातून चारसहा वेळाच गैरहजर राहते, तरी हजेरीपटावर जवळजवळ रोज कोणाची तरी गैरहजेरी असतेच. संगणकाच्या डिस्कचा हिशोबही असाच आहे.

१९५६ साली आयबीएम कंपनीने पहिली हार्ड डिस्क आणली. तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्यांवर सुमारे ५० लाख अक्षरे मावत. पुढे मोठ्या संगणकाला मोठी, महागडी डिस्क हाच रिवाज पडला. १९८० नंतर घरगुती संगणकांमुळे लहान, स्वस्त डिस्क निघाल्या. १९८८ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी एका निबंधात सुचवले, की एका अवाढव्य डिस्कऐवजी स्वस्त डिस्कचा ताफाच जोडावा. या रचनेला त्यांनी 'रेड' असे नाव दिले.

अडचण अर्थात हजेरीपटाचीच होती. एक डिस्क सरासरी ३०,००० तास, म्हणजे तीन वर्षांहून जास्त चालते असे धरू. मग शंभर डिस्कपैकी एखादी दर ३०० तासांनी, म्हणजे दोन आठवड्यांच्या आतच बंद पडणार!

यावर उपाय जादा डिस्कचा. तीन डिस्कवर एकाच जागी १, ०, १ असे अंक आहेत असे समजा. चौथीवर असा अंक लिहायचा, की एकूण '१' सम संख्येने यावेत. येथे तो ० येईल. आता पहिली डिस्क गेली, तर ०, १, ० उरतात. '१' एकच आहे, तो सम व्हायला आणखी एक हवा. म्हणजे हरवलेला अंक १. या जातीच्या युक्तीचे पेटंट आयबीएमच्या नॉर्मन औची यांना १९७८ सालीच मिळाले होते. बर्कलीकरांनी अशा पद्धतींची पायरीवार मांडणी केली.

आता दहा डिस्कमागे एक जादा, अशा ११० डिस्क घेऊ. बिघडलेली डिस्क तासाभरात बदलली, तर निबंधातील सूत्राप्रमाणे माहिती गमावण्याची वेळ सरासरी सुमारे ८,२०,००० तासांनी, म्हणजे ९० वर्षांहून अधिक काळाने येते. पण तोच बिघाड महिनाभर, म्हणजे ७२० तास, कोणाच्या लक्षात आला नाही तर? उत्तराला ७२० ने भागा. जेमतेम दीड महिना उरतो. डिस्क त्याच, गणितही तेच. फरक फक्त लक्ष असण्या-नसण्याचा.

आणि लक्ष जाणे अवघडच, कारण एक डिस्क गेली तरी संगणक विनातक्रार चालू राहतो. संरक्षणच बिघाड झाकते. म्हणून युनिक्सच्या घडणीच्या लिनक्समध्ये संचाची हजेरी मांडणारी एक फाइल असते. धडधाकट डिस्कपुढे इंग्रजी 'यू' हे अक्षर, तर बंद पडलेलीच्या जागी नुसती आडवी रेघ. ही हजेरी सतत तपासून व्यवस्थापकाला पत्र धाडणारी आज्ञावलीही आहे.

डिस्क मरण्यापूर्वीच कळावे, यासाठी १९९० च्या दशकात 'स्मार्ट' ही पद्धत आली. डिस्क स्वतःच तापमान, वाचनातल्या चुका, बदललेल्या खराब जागा यांची नोंद ठेवू लागली. या नोंदी युनिक्सवर वाचण्यासाठी 'स्मार्टमॉनटूल्स' हा प्रकल्प २००२ साली ब्रूस अॅलन यांनी सुरू केला. ते गुरुत्वीय लहरींचे अभ्यासक. ढीगभर संगणकांवर मदार असलेले शास्त्रज्ञ.

मात्र भविष्यवाणीलाही मर्यादा आहेत. २००७ साली गूगलच्या संशोधकांनी एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. तपासणीत पहिली चूक सापडलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत बंद पडण्याची शक्यता ३९ पट जास्त आढळली. तरीही बिघडलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक डिस्कनी चार महत्त्वाच्या लक्षणांपैकी एकही दाखवले नव्हते. ताप नाही म्हणून आजार नाही, असे नव्हे.

तेव्हा शाळेच्या निकालांची माहिती 'रेड'वर असली, तरी वेगळी प्रत दुसऱ्या जागी ठेवावीच. चुकून पुसलेली फाइल 'रेड' सर्व डिस्कवरून इमानेइतबारे पुसते! आणि वर्गात चार मुलांच्या हाती ०-१ च्या चिठ्ठ्या देऊन एकाला बाहेर पाठवा. त्याचा अंक बाकीची मुले ओळखतील. मग दोघांना पाठवा. पहारा का हवा, ते मुलांना आपोआप कळेल.