मुहम्मद अली : तीन वर्षे सात महिने

मुष्टियुद्ध आपल्या शाळांतून फारसे शिकविले जात नाही. तरीही मुहम्मद अली हे नाव ऐकले नाही असा विद्यार्थी विरळाच. त्यांनी कोणाकोणाला लोळविले हे पुष्कळांना सांगता येते. परंतु ऐन उमेदीची वर्षे त्यांनी कशापायी गमावली, हे थोड्यांनाच ठाऊक असते.

अमेरिकेतील केंटकी राज्यातल्या लुईव्हिल शहरी १७ जानेवारी १९४२ रोजी त्यांचा जन्म झाला. मूळ नाव कॅशियस क्ले. वडील पाट्या रंगवीत. गोऱ्यांची हॉटेले व शाळा वेगळ्या, काळ्यांच्या वेगळ्या, असा तो काळ. बाराव्या वर्षी त्याची नवी सायकल चोरीस गेली. "चोराला बडवीन," असे म्हणणाऱ्या या मुलाला जो मार्टिन नावाच्या पोलिसाने आधी लढायला शिकण्याचा सल्ला दिला आणि स्वतःच शिकविले. सहा वर्षांनी, १९६० साली, त्याच मुलाने रोम ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळविले. २५ फेब्रुवारी १९६४ रोजी सॉनी लिस्टनला हरवून तो बाविसाव्या वर्षी जगज्जेता झाला. लगेच त्याने इस्लामचा स्वीकार जाहीर केला व मुहम्मद अली हे नाव घेतले.

अभ्यासात ते कच्चेच होते. १९६४ साली सैन्याच्या बौद्धिक चाचणीत ते नापास झाले. पुढे व्हिएतनाम युद्धासाठी माणसे कमी पडू लागली. १९६६ साली चाचणीची पातळी खाली आणली गेली आणि अली पात्र ठरले. २८ एप्रिल १९६७ रोजी ह्यूस्टन येथे भरतीसाठी त्यांचे नाव पुकारले गेले. ते पुढे आले नाहीत. आपला धर्म या युद्धात लढण्याची परवानगी देत नाही, अशी त्यांची भूमिका होती. दुसऱ्या महायुद्धात जगज्जेता जो लुई सैन्यात दाखल होऊन जवानांपुढे प्रदर्शनीय सामने खेळला होता. ती वाट डोळ्यांपुढे असूनही अलींनी ती धरली नाही.

परवाना गेला, अजिंक्यपद गेले, पासपोर्टही गेला. जूनमध्ये पाच वर्षे कैद व दहा हजार डॉलर दंडाची शिक्षा झाली. अपील चालू असल्याने तुरुंग टळला; पण रिंगण बंद झाले. तोवर २९ लढती आणि २९ विजय, वय अवघे पंचवीस! या काळात ते महाविद्यालयांतून भाषणे देत फिरले. चाचणीत नापास झालेला हा माणूस पदवीच्या विद्यार्थ्यांपुढे उभा राहून त्यांच्या प्रश्नांना उत्तरे देत होता. आम्हा शिक्षकांनी हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

मार्च १९६७ नंतरची पहिली लढत ऑक्टोबर १९७० मध्ये झाली. मध्ये तीन वर्षे सात महिने गेले. मार्च १९७१ मध्ये जो फ्रेझरकडून त्यांना पहिला पराभव पत्करावा लागला. त्याच वर्षी २८ जूनला सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली. निकाल ८ विरुद्ध ०. शिक्षा पुसली गेली, वर्षे मात्र परत मिळाली नाहीत. पूर्वीची पायांची चपळाई आता नव्हती. १९७४ साली किन्शासा येथे जॉर्ज फोरमनचे ठोसे दोरांना टेकून झेलीत त्यांनी आठव्या फेरीत त्याला पाडले. १९७८ साली ते तिसऱ्यांदा जगज्जेते झाले.

त्यांचेही चुकले. फ्रेझरसारख्या तोलामोलाच्या प्रतिस्पर्ध्याची त्यांनी जाहीर हेटाळणी केली. त्यांच्या डॉक्टरांनी थांबण्याचा सल्ला दिला, तो न मानता ते १९८१ पर्यंत लढत राहिले. ६१ लढती, ५६ विजय, ५ पराभव. १९८४ मध्ये पार्किन्सनचे निदान झाले. १९९६ साली अटलांटात थरथरत्या हाताने त्यांनी ऑलिंपिकची ज्योत पेटविली. ३ जून २०१६ रोजी त्यांचे निधन झाले.

विद्यार्थी मित्रांनो, लढतींच्या नोंदवहीत १९६८ व १९६९ ही दोन पाने कोरी आहेत. अलींचे चरित्र वाचताना ती घाईने उलटू नका.