सच्छिद्र भांड्याचे कोडे

पोलंडच्या कुयाविया प्रदेशातील उत्खननांत मातीच्या भांड्यांचे विलक्षण तुकडे सापडले. वय सुमारे ७,००० वर्षे आणि अंगभर बारीक छिद्रे. ज्यात पाणी टिकणार नाही, असे भांडे कुंभाराने घडवावेच का?

निखारे झाकण्यासाठी, मध गाळण्यासाठी, असे अनेक तर्क झाले. १९८४ मध्ये पुरातत्त्वज्ञ पीटर बोगुकी यांनी वेगळे उत्तर सुचवले : ही चीज गाळण्याची चाळण असावी. तर्क पटण्याजोगा होता. पुरावा मात्र नव्हता.

तो खापरांतच मुरलेला होता. ब्रिस्टल विद्यापीठातील मेलानी साल्क, रिचर्ड एव्हरशेड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मातीत शोषल्या गेलेल्या स्निग्धांशाचे रासायनिक विश्लेषण केले. २०१२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला : छिद्रे असलेल्या खापरांत दुधाचा स्निग्धांश होता, तर त्याच प्रदेशातील बिनछिद्र हंड्यांत प्रामुख्याने मांसाची चरबी.

या निष्कर्षाचे मोल केवळ एका भांड्यापुरते नाही. त्या काळी युरोपातील बहुतेक प्रौढांना दुधातील शर्करा, म्हणजे लॅक्टोज, पचत नसे. दूध नासवून गाळले की तिचा बराचसा भाग पाण्याबरोबर निघून जातो आणि उरलेला चोथा टिकतोही. जनावर न मारता त्याच्यापासून वर्षभर अन्न मिळवण्याची वाट या छिद्रांतून गेली होती.